शरदाच्या बारीक खुणा आणि भारी धान

थंड देशांत पाने तांबडी होऊन गळू लागली म्हणजे ऋतू पालटल्याचे लहान मुलासही कळते. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात तसे घडत नाही. आश्विनात साग हिरवाच असतो. त्याची पानगळ हिवाळ्यातली, व ऐनाची त्याहूनही उशिराची. दुपारचे ऊन तर भाद्रपदाहून कडक. यामुळे येथे शरद केवळ पंचांगात असतो, असे पुष्कळांस वाटते. आमचे मत तसे नाही.

पहाटे धुऱ्यावरून एक फेरी मारावी. आदल्या दिवशी पाऊस नसता पाय भिजले, म्हणजे दव पडू लागले. काल न दिसणारी कोळ्यांची जाळी गवतावर पांढरी उमटतात. सायंकाळी चुलीचा धूर वर न चढता धानावर आडवा पसरतो. आकाश निवळून हवा कोरडी झाली म्हणजे जमिनीची उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते, हे त्याचे कारण. वैनगंगेकाठी कास फुललेला असतो, आणि शेपटी हलविणारा धोबी पक्षी उत्तरेकडून बोडीवर आलेला असतो.

या खुणा केवळ हौसेच्या नव्हेत. हलके धान या सुमारास कापणीस येते. भारी धान मात्र नुकते निसवत असते. अशा वेळी बांधी सुकली तर लोंबी पोचट राहते. म्हणून मामा तलावाचे पाणी केव्हा सोडावे, हा गावापुढील खरा प्रश्न. हस्त-चित्रांच्या पावसावर भिस्त ठेवण्याची रीत जुनी आहे. परंतु हवामान खात्यानेही 2020 साली राजस्थानातून पाऊस परतू लागण्याची सर्वसाधारण तारीख 1 सप्टेंबरवरून 17 सप्टेंबरवर नेली. तेव्हा नक्षत्रासोबत डोळ्यांचीही साक्ष घ्यावी.

दवाची दुसरी बाजूही आहे. पाने उशिरापर्यंत ओली राहिली की करपा बळावतो, व लोंबीची मान काळी पडून मोडते. शिवाय चुडाच्या बुंध्याशी तुडतुडे वाढले असल्यास बांधीतील पाणी काही दिवस काढावे लागते. याकरिता तलावाचे पाणी घेण्यापूर्वी चूड बाजूस सारून बुंधा पाहावा.

एका वर्षी आम्ही स्वतः स्वातीच्या पावसाची वाट पाहत बसलो आणि निम्मे धान पोचट कापले. घरच्या आजीबाई आठ दिवस आधीच म्हणाल्या होत्या, “अंगणातली वाकळ सकाळी ओली लागते रे.” आम्ही ती आत घेण्यास सांगितले, इतकेच.