दाबलेल्या हवेची उष्णता

सायकलला हवा भरताना पंपाची नळी तापते, हे आपण अनुभवले असेल. हवा दाबण्यात खर्चिलेली शक्ती अशी उष्णतेच्या रूपाने प्रकट होते. पाणबुड्याची टाकी भरणारे छोटे यंत्र हवेचा दाब वातावरणाच्या २०० पट करते. ३० अंश सेल्सियसची हवा, न निववता, एकाच दमात इतकी दाबली तर तिचे तापमान सुमारे ११०० अंशांवर जाईल. तीन समान टप्पे करून प्रत्येकानंतर ती नळीच्या वेटोळ्यातून पूर्ववत निववली, तर ते २३० अंशांच्या आसपास आवरते. म्हणून वेटोळे पंख्याच्या झोतात असावे, त्यावरील धूळ झाडावी, यंत्राने टाकलेली ऊन हवा पुन्हा आत येऊ देऊ नये. एरवी वंगणतेल जळून विषारी कार्बन मोनॉक्साइड टाकीत शिरण्याचे भय असते. त्याला ना रंग, ना वास. पाण्याखालच्या माणसाला तो कळणार कसा?