ताठरतेच्या गोळ्या : निवड कशाची, धोका कशात?

लैंगिक संबंधाच्या वेळी ताठरता न येणे किंवा ती टिकून न राहणे, ही तक्रार चाळिशीनंतरच्या पुरुषांत सर्रास आढळते. डॉक्टरांपुढे तिचा उच्चार मात्र टाळला जातो आणि वाट थेट औषधाच्या दुकानाकडे वळते. सिल्डेनाफिल, टाडालाफिल ही औषधे 'शेड्यूल एच' वर्गातील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याची. प्रत्यक्षात पुण्यातील पेठा असोत की उपनगरे, हळू आवाजात ब्रँडचे नाव सांगावे आणि कागदी पाकिटात गोळी मिळावी, हे नवे नाही. 'आणखी कोणती औषधे चालू आहेत?' हा प्रश्न या व्यवहारात बहुधा कोणी विचारत नाही. खरा धोका तेथेच आहे.

सिल्डेनाफिलचा जन्म हृदयविकाराच्या संशोधनातून झाला. फायझर कंपनीच्या इंग्लंडमधील सँडविच येथील प्रयोगशाळेत अंजायनावर, म्हणजे हृदयाच्या रक्तपुरवठ्याअभावी होणाऱ्या छातीदुखीवर औषध शोधले जात होते. चाचणीतील पुरुषांनी निराळाच परिणाम सांगितला. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत 'व्हायग्रा'ला मान्यता मिळाली. भारतात २००१ पासून 'पेनेग्रा', 'कॅव्हर्टा' असे देशी ब्रँड आले. मूळ 'व्हायग्रा' २००५ च्या अखेरीस आली, तीही कितीतरी महाग. नावे अनेक असली तरी आतील औषध एकच. 'ही नको, ती द्या' म्हणणारे गिऱ्हाईक पुष्कळदा तेच औषध दुसऱ्या वेष्टनात घरी नेते.

या गोळ्यांचे कार्य समजून घेतले तर पुढील सावधगिरीचे कारण आपोआप कळते. लैंगिक उत्तेजनेच्या वेळी मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो. त्यातून सीजीएमपी नावाचे द्रव्य तयार होते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि शिश्नातील स्पंजासारख्या ऊतीत रक्त भरते. पीडीई-५ हे एन्झाइम त्या द्रव्याचा नाश करते. गोळ्या या एन्झाइमला अडवितात. उत्तेजना नसेल तर गोळी काहीही करीत नाही. ती कामेच्छा वाढवीत नाही, वीर्य वाढवीत नाही आणि 'ताकदीचे औषध' तर मुळीच नाही.

गुणकारितेत या गटातील औषधांत फारसे अंतर नाही. अंतर आहे ते वेळेत. सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी घ्यावे लागते आणि परिणाम चार-पाच तास राहतो. तुपातेलाचे जड जेवण झाले असेल तर तो उशिरा आणि कमी जाणवतो. लग्नाच्या पंगतीनंतर गोळी घेऊन 'औषध खोटे' असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. टाडालाफिलवर जेवणाचा परिणाम होत नाही आणि ते सुमारे ३६ तास प्रभावी राहते, म्हणजे त्या काळात उत्तेजनेला प्रतिसाद मिळू शकतो; ताठरता तेवढा वेळ राहते असे नव्हे. त्याची ५ मिलिग्रॅमची गोळी रोजही दिली जाते आणि प्रोस्टेटवाढीमुळे होणाऱ्या लघवीच्या त्रासावरही ती उपयोगी पडते. व्हार्डेनाफिल बरेचसे सिल्डेनाफिलसारखेच, तर अ‍ॅव्हानाफिल त्यांच्याहून लवकर काम सुरू करणारे.

डोकेदुखी, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे, आम्लपित्त हे त्रास सर्वांतच संभवतात. सिल्डेनाफिलने काहींना काही काळ निळसर दिसते; टाडालाफिलने कंबर आणि स्नायू दुखतात. सिल्डेनाफिलची सुरुवात सहसा ५० मिलिग्रॅमने होते. पासष्टीपुढील रुग्णांत आणि यकृत वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास ती २५ ने करतात. चोवीस तासांत एकाहून अधिक मात्रा घेऊ नये आणि पहिल्या प्रयत्नात यश आले नाही म्हणून दुप्पट गोळी तर मुळीच घेऊ नये. योग्य रीतीने पाच-सहा वेळा घेऊन पाहिल्याखेरीज औषध निकामी ठरविता येत नाही.

सर्वांत गंभीर बाब नायट्रेट औषधांची. छातीत दुखू लागल्यास जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी हृदयरुग्णांच्या घरांना परिचित आहे. तीही शरीरात नायट्रिक ऑक्साइडचाच मार्ग चालविते. दोन्ही एकत्र आल्या की रक्तदाब एकाएकी कोसळतो आणि प्राण जाऊ शकतो. म्हणून नायट्रेट घेणाऱ्याला या गटातील एकही गोळी चालत नाही. निकोरँडिललाही हाच नियम लागू आहे. उलट बाजूनेही तेच : सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास, टाडालाफिल घेतल्यावर किमान ४८ तास नायट्रेट देता येत नाही.

येथे संकोच जिवावर बेततो. रात्री छातीत कळ येते, घरचे घाबरून सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवतात किंवा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावतात. संध्याकाळी घेतलेल्या गोळीची गोष्ट पत्नीलाही ठाऊक नसते आणि मुलांदेखत ती सांगायची कशी, म्हणून रुग्ण गप्प राहतो. ती एक गोष्ट कळली तर डॉक्टरांना नायट्रेट टाळून दुसरे उपचार करता येतात. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' मासिकातून लैंगिक प्रश्नांवर उघडपणे लिहिले आणि त्यापायी खटलेही सोसले. इतकी दशके लोटल्यावरही हे मौन सुटलेले नाही.

नागपूरमधील एक प्रकरण २०२३ मध्ये वृत्तपत्रांतून चर्चिले गेले. न्यायवैद्यक नियतकालिकात नोंदलेल्या या घटनेत ४१ वर्षांच्या पुरुषाने मद्यासोबत सिल्डेनाफिलच्या ५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अस्वस्थता आणि उलट्या सुरू झाल्या. पूर्वीही असे झाले होते म्हणून त्याने उपचार टाळले. मेंदूतील रक्तस्रावाने त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात सुमारे ३०० ग्रॅम गोठलेले रक्त आणि जुन्या उच्च रक्तदाबाच्या खुणा आढळल्या. दोष एकट्या गोळीचा म्हणता येत नाही. मद्य आणि न तपासलेला रक्तदाब हेही तिचे साथीदार होते.

प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी औषधे घेणाऱ्यांना उभे राहताच भोवळ येऊ शकते, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. बुरशीवरील इट्राकोनॅझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन चालू असल्यास गोळीचे रक्तातील प्रमाण वाढते. ताठरता चार तासांहून अधिक टिकली, अथवा दृष्टी किंवा ऐकू येणे अचानक गेले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

'वनौषधी आहे, अपाय नाही' या भरवशावर रस्त्याकडेच्या तंबूंतून चूर्ण घेणारे कमी नाहीत. अनेक देशांच्या औषध नियंत्रकांनी अशा 'वनौषधीं'त सिल्डेनाफिल आणि टाडालाफिलच मिसळलेले पकडले आहे, तेही मात्रेचा पत्ता नसताना. हृदयरुग्णाने भीतीपोटी गोळी टाळून असे चूर्ण घ्यावे, यासारखी विसंगती नाही. कामशक्ती वाढविण्याच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. भिंतींवरील मजकूर वाचून तसे वाटत नाही.

गोळी लागू पडली तरी तपासणीची गरज संपत नाही. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांहून अरुंद असतात, त्यामुळे अडथळा तेथे आधी जाणवतो; अनेकांत हृदयविकाराच्या लक्षणांपूर्वी दोन ते पाच वर्षे ताठरतेची तक्रार सुरू होते. मधुमेहाचेही तसेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून केलेल्या अभ्यासात भारतीय बाळे वजनाला कमी, पण त्या मानाने चरबीला अधिक असल्याचे दिसले. या अंगलटीमुळे सडपातळ दिसणारा माणूसही मधुमेहाच्या वाटेवर असू शकतो. 'मी तर बारीक आहे' हे उत्तर म्हणूनच पुरेसे नाही. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, कोलेस्टेरॉल आणि कामेच्छाही मंदावली असल्यास सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉन एवढ्या तपासण्या पहिल्या गोळीआधीच व्हाव्यात. दोन जिने झपाझप चढताना छातीत दुखते किंवा फार दम लागतो, अशांनी प्रथम हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. पहाटे ताठरता येते, पण नेमक्या वेळी नाही, अशा तरुणांत कारण बहुधा चिंतेचे असते. त्यांना समुपदेशनाचा उपयोग गोळीपेक्षा अधिक होतो आणि पत्नी सोबत आली तर तो लवकर होतो.