बुलढाणा जिल्ह्यांतील परके पाहुणे

उष्ण कटिबंधांतील देशांत परमुलुखांतून माणसें येतात तीं दोन प्रकारचीं. कांहीं बिऱ्हाड करून राहणारीं, तर कांहीं पाहून परत जाणारीं. मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांविषयीं या दोहोंची हकीगत पुष्कळांनीं सांगितली आहे. परंतु एखाद्या बाजूस पडलेल्या जिल्ह्यांत ती कशी घडली आणि काळाबरोबर कशी पालटली, हें पाहूं गेल्यास तीच गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. वऱ्हाडच्या पश्चिम टोंकाचा बुलढाणा जिल्हा या दृष्टीनें फार सोयीचा आहे. येथें साहेब आले, कापसाचे व्यापारी आले, मिशनरी आले, शास्त्रज्ञ आले, आणि आतां मोटारींतून सहलीस येणारीं कुटुंबें येतात.

प्रथम जिल्ह्याची ठेवण ध्यानांत घ्यावी. उत्तरेस पूर्णा नदीचें सपाट, काळ्या मातीचें खोरें आहे. त्यास पायनघाट म्हणतात. मलकापूर, नांदुरा, शेगांव, खामगांव हीं गांवें त्यांत येतात. दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठार, तो बालाघाट. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हीं तिकडचीं गांवें. वैशाखांत खालच्या खोऱ्यांत भट्टी पेटल्यासारखें ऊन असतें. आणि राजूर घाट चढून बुलढाण्यास आलें कीं निदान रात्रीं तरी वारा लागतो. साहेबांनीं कोठें राहावें व व्यापाऱ्यांनीं कोठें राहावें, हें बव्हंशीं या एका फरकानेंच ठरविलें.

इंग्रजांच्या फार पूर्वींपासून या जिल्ह्यांत दूरचे लोक येत, ते लोणारास. लवणासुराचा वध विष्णूनें येथें केला, ही कथा सर्वश्रुत आहे. तिचें स्मारक म्हणून उभारलेलें दैत्यसूदनाचें देऊळ गांवांत आहे, आणि खालीं विवराच्या कडेशीं बाराही महिने वाहणारी धार आहे. तेथें स्नान करावें, मग उतरून तळ्याकाठच्या कमळजादेवीचें दर्शन घ्यावें, असा यात्रेकरूंचा परिपाठ. तळ्याचें पाणी मात्र पिण्याजोगें नाहीं. या खोलगट विवरांतून पाणी बाहेर जाण्यास वाट नाहीं. झऱ्यांचें व पावसाचें पाणी आंत येतें, उन्हानें वाफ होऊन जातें, आणि त्यांतील क्षार तेवढा मागें उरतो. हजारों वर्षें हा क्रम चालल्यामुळें पाणी खारें आणि सोड्यासारखें तीव्र झालें आहे. अबुल फजलाच्या आइन-इ-अकबरींत मेहकर सरकाराच्या वर्णनांत कांच व साबण यांस लागणारा हा माल येथें मिळतो, अशी नोंद आहे. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे लोणारचे लोक हा क्षार गोळा करीत. त्याच्या प्रतींना डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशीं नांवें होतीं. म्हणजे यात्रेकरूंस जें तीर्थ, तेंच गांवकऱ्यांस पोट भरण्याचें साधन होतें. ही गोष्ट पुढें पुन्हा येणार आहे.

सन १८२३ मध्यें अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें हें विवर पाहिलें व त्याची नोंद केली. त्या वेळीं हा मुलूख निजामाचा होता, आणि इंग्रज येथें केवळ वाटसरू होता. तीस वर्षांनीं परिस्थिति बदलली. हैदराबाद कंटिंजंट नामक फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांकडे कारभारासाठीं आलें, आणि वाटसरू बिऱ्हाडकरू झाला. जिल्ह्याचें ठाणें आरंभीं मेहकराकडे होतें. तें पुढें बुलढाण्यास नेण्यांत आलें. बुलढाणा हें तेव्हां लहानसें खेडें. भिल्लांचें ठाणें, त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात. त्याच्या अंगीं गुण एकच होता, तो म्हणजे सुमारे २,२०० फुटांची उंची. पेठ नाहीं, नदी नाहीं, रेल्वे जवळ नाहीं. मलकापूरचें स्टेशन सुमारे २८ मैलांवर आणि मध्यें घाट. तरीही जिल्ह्याचा कारभार तेथून चालला, तो हवेसाठीं. रयतेस मात्र तगाई मागण्यास अगर फिर्याद देण्यास तो घाट चढूनच यावें लागे. राज्यकर्त्याच्या अंगास उकाडा सोसत नाहीं म्हणून शेतकऱ्यानें दोन दिवस गाडी हांकावी, हा न्याय त्या काळीं कोणास विचित्र वाटला नाहीं!

या साहेब लोकांचा संसार कसा असे? हिंवाळ्याचे चार महिने दौऱ्यांत जात. तंबूंचे दोन संच असत. साहेब एका मुक्कामीं झोंपलेला असतां दुसरा संच रात्रींच बैलगाड्यांवर पुढें निघे, आणि सकाळीं घोड्यावरून साहेब पोंचतो तों पुढच्या गांवच्या आमराईंत तंबू उभा व चहाचें आधण चढलेलें. सरपण, गवत, दूध, अंडीं यांची रसद गांवानें पुरवावयाची. पैसे दप्तरीं लिहिले जात, परंतु ते नेमके कोणाच्या हातीं पडत, हें पाटील व शिरस्तेदार यांनाच ठाऊक. उन्हाळ्यांत वाळ्याचे पडदे, दारापलीकडे बसून दोरी ओढणारा पंखेवाला, आणि जमल्यास कांहीं आठवडे चिखलदऱ्यास. ज्वर कशानें येतो, हें कोणास ठाऊक नव्हतें. हिंवताप डांसामुळें पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस याला १८९७ सालीं सिकंदराबादेस मिळाला. तोंवर दूषित हवेवरच सर्व दोष जाई. भारतांतील कोणत्याही जुन्या छावणीच्या दफनभूमींत गेल्यास लहान मुलांचीं थडगीं फार दिसतात, त्याचें कारण हेंच. जीं मुलें वाचत, त्यांना सातव्या-आठव्या वर्षीं विलायतेस धाडीत.

येथें दळणवळणाचा विचार केल्याविना पुढील बदल समजणार नाहीं. शिडाच्या जहाजानें आफ्रिकेस वळसा घालून येण्यास चार ते सहा महिने लागत. एवढा प्रवास करून आलेला मनुष्य वीस-वीस वर्षें परत जात नसे. त्यास येथील भाषा शिकावी लागे, येथील माणसांत मिसळावें लागे. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला आणि आगबोट महिन्याच्या आंत मुंबईस येऊं लागली. बायका येऊं लागल्या, रजा घेऊन घरीं जाणें शक्य झालें, दर आठवड्यास टपाल येऊं लागलें. सोय वाढली तसतसें अंतर वाढलें. पूर्वींचा साहेब मोडक्या मराठींत कां होईना, पाटलाशीं हुक्क्याच्या गोष्टी करी. नंतरचा आपल्या कंपाउंडांत टेनिस खेळूं लागला. प्रवास सुलभ झाला म्हणजे परका मनुष्य जवळ येतो असें सामान्यतः मानलें जातें. येथें घडलें तें उलट.

घाटाखालचें चित्र निराळें होतें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचें मोल आलें. १८६७ पर्यंत रेल्वे नागपुरास पोंचली. १८७० सालीं जलंबहून खामगांवास सुमारे आठ मैलांचा फांटा निघाला, आणि त्या प्रसंगीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगांवीं आला होता. एका तालुक्याच्या गांवासाठीं व्हाइसरॉयनें यावें, यावरून त्या बाजाराचें महत्त्व कळतें. तारयंत्रानें लिव्हरपूलचा भाव खामगांवास समजूं लागला, आणि त्यामागोमाग युरोपीय पेढ्यांचे हस्तक आले. त्यांत स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथील व्होलकार्ट ब्रदर्स ही पेढी होती. अशा पेढ्यांचे तरुण कारकून घाट चढून थंड हवेंत राहूं शकत नव्हते. कापूस जेथें, तेथेंच त्यांना राहणें भाग. ते सत्ताधारी नव्हते, म्हणून त्यांना अडत्याशीं, दलालाशीं, जिनिंगच्या मुकादमाशीं रोज बोलावें लागे. या व्होलकार्टांनीं १९५४ मध्यें टाटांबरोबर भागी करून जी कंपनी काढली, तिचें नांव व्होल्टास. खामगांवच्या उन्हांत घामाघूम होऊन कापूस तोलणाऱ्या पेढीचें नांव आज थंड हवेच्या यंत्रावर वाचावयास मिळतें, ही गमतीची गोष्ट होय.

तिसरा वर्ग मिशनऱ्यांचा. अमेरिकेंतील मिशनचे लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडांत आले, आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांत त्यांनीं पोरक्या मुलांना आश्रय दिला. धर्मांतराविषयीं मतभेद राहणारच. परंतु परक्यांपैकीं मराठी नीट शिकणारे बहुधा हेच, एवढें म्हणणें भाग आहे.

१९०३ सालीं वऱ्हाड मध्यप्रांतास जोडलें गेलें, १९०५ मध्यें खामगांव व जळगांव हे तालुके अकोल्याकडून बुलढाणा जिल्ह्यांत आले, आणि हळूहळू कचेऱ्यांतून देशी अधिकारी दिसूं लागले. १९४७ नंतर साहेब गेला. त्याचा कँप व सिव्हिल लाईन हे शब्द मात्र राहिले. ज्या बंगल्यांत पूर्वीं गोरा डेप्युटी कमिशनर राहात असे, त्या प्रकारच्या बंगल्यांत नंतर आपलेच अधिकारी राहूं लागले, आणि रयत पूर्वींप्रमाणेंच घाट चढून येत राहिली.

यापुढील परदेशी मनुष्य आला तो राहण्यास नव्हे, तर दगड तपासण्यास. लोणारचें विवर ज्वालामुखीचें, असें पुष्कळ काळ मानीत. अमेरिकन व भारतीय शास्त्रज्ञांनीं विवरांत छिद्रें पाडून खालचे दगड काढले, आणि १९७३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निबंधांत तें उल्कापातानेंच झालें असें दाखविलें. प्रचंड आघातानें दगडांतील कांहीं खनिज न वितळतां कांचेसारखें होतें. अशी कांच तेथें सांपडली. काळ्या बेसाल्ट पाषाणांत पडलेलें इतकें सुस्थितींतील विवर पृथ्वीवर अत्यंत दुर्मिळ आहे. त्याचा व्यास सुमारे १,८०० मीटर आहे. वयाविषयीं मात्र एकमत नाहीं. एका पद्धतीनें तें सुमारे ५२,००० वर्षें येतें, तर दुसरीनें सुमारे ५,७०,००० वर्षें. चंद्र व मंगळ यांवरील दगडांशीं तुलना करण्यासाठीं दूरदूरचे अभ्यासक येथें येतात; दोन दिवस राहतात, पिशवींत खडे भरतात आणि जातात. अजिंठा-वेरूळ पाहण्यास आलेला एखादा गोरा प्रवासीही दीडशे किलोमीटर वांकडी वाट करून येतो. विवराच्या कांठावर उभा राहून छायाचित्र घेतो. संध्याकाळपर्यंत परत छत्रपति संभाजीनगरास. खामगांवच्या कारकुनासारखें येथील कोणाशींही त्याचें नातें जुळत नाहीं. त्यास वेळच नसतो.

संख्येनें पाहिल्यास आजचा खरा प्रवासी देशीच आहे. शेगांवास गजानन महाराजांच्या समाधीच्या दर्शनास, होळीच्या सुमारास सैलानी बाबांच्या यात्रेस, आणि सिंदखेडराजास जिजाऊंच्या जन्मस्थानीं जेवढे लोक येतात, तेवढे परदेशी सबंध शंभर वर्षांत आले नसतील. १९१० सालीं महाराजांनीं समाधि घेतली तेव्हां शेगांव हें आगगाडीच्या वाटेवरील एक साधें गांव होतें. आज संस्थानचीं भक्तनिवासें व तेथील स्वच्छता यांचें उदाहरण इतर तीर्थक्षेत्रांस देतात. या पाहुण्यांत एक चौपायीही होता, हें येथें सांगण्यास हरकत नाहीं. यवतमाळकडील टिपेश्वरच्या अरण्यांतून निघालेला एक तरुण वाघ सुमारे १,३०० किलोमीटर पायपीट करून २०१९ च्या डिसेंबरांत बुलढाण्याजवळच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत आला आणि कांहीं महिने राहिला. रसद त्यानें आपली आपणच मिळविली.

आतां पुन्हा लोणारकडे वळावें लागतें. २००० सालीं तें अभयारण्य झालें. २०२० च्या जूनमध्यें तळ्याचें पाणी एकाएकीं गुलाबी दिसूं लागलें. पाणी आटून क्षार वाढला म्हणजे तांबूस रंगाचे सूक्ष्म जीव वाढतात, त्यांचा तो परिणाम, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तपासून सांगितलें. त्याच वर्षीं रामसर करारान्वयें महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादींत तळ्याचा समावेश झाला. डिसेंबर २०२२ मध्यें समृद्धि महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा भाग सुरू झाला. तो मेहकर व सिंदखेडराजा यांजवळून जातो, त्यामुळें नागपूरचें कुटुंब सकाळीं निघून लोणार पाहून रात्रीं घरीं पोंचूं शकतें.

परंतु हें तळें नाजूक आहे. त्याचें सारें वैशिष्ट्य पाण्याच्या खारेपणांत आहे, आणि गांवचें सांडपाणी आंत उतरलें तर तो खारेपणाच बिघडतो. काठावर वेड्या बाभळीचें रान माजलें आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठास या प्रकरणीं वेळोवेळीं लक्ष घालावें लागलें. संरक्षणासाठीं निर्बंध आले, आणि ते आवश्यकच होते. तथापि ज्यांचे पूर्वज उन्हाळ्यांत डल्ला व पापडी वेंचीत, त्यांच्या हातून तें काम गेलें. प्रवाशांमुळें हॉटेल, रसवंती, मोटारीचें भाडें, वाटाड्याची मजुरी असे नवे धंदे आले खरे. पण ते सुट्टीच्या दिवसांचे. शिवाय हीं कामें त्याच घरांतील लोकांना मिळालीं काय, हा प्रश्न कोणी सहसा विचारीत नाहीं. शास्त्रज्ञास विवर हवें तें आहे तसें. भाविकास नवरात्रांत कमळजादेवीपर्यंत सोपी वाट हवी. सहलीस आलेल्या मुलांना खाऊचें दुकान हवें. आणि गांवकऱ्यास आपल्या घराचें गटार कोठें न्यावें हें कोणी तरी सांगावयास हवें. या चौघांपैकीं पहिले तिघे संध्याकाळीं निघून जातात.

आणखी एक नवा पाहुणा अलीकडे दिसूं लागला आहे. चिखली, मेहकर, खामगांव येथील मुलें शिकून पुण्यास जातात, तेथून कांहीं परदेशीं जातात, आणि दोन-तीन वर्षांनीं तीन आठवड्यांच्या रजेवर येतात. येतांना बरोबर पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या असतात; उन्हें सोसत नाहींत; लहान मुलास मराठी समजते पण बोलतां येत नाहीं. आजी-आजोबा त्यांना लोणार दाखविण्यास नेतात. वर कठड्यापाशीं उभें राहून नातू विचारतो, हें कशानें झालें? आजी लवणासुराची कथा सांगूं लागते, बाप उल्केची हकीगत सांगतो, आणि तोंपर्यंत खालीं धारेवर गांवच्या बायका कपडे पिळून, घागरी भरून पायऱ्या चढूं लागलेल्या असतात.