ठिणगी चुकीच्या जागी

नंदुरबार जिल्ह्याचा नकाशा उघडा आणि त्याची उत्तरेकडची कड पाहा. सातपुड्याच्या रांगा उतरत उतरत जेथे संपतात, तेथे नर्मदा आहे. पण ती आता वाहती नदी कमी आणि जलाशय अधिक आहे. गुजरातेतील सरदार सरोवर पूर्ण भरले म्हणजे पाणी समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटर उंचीपर्यंत चढते. सप्टेंबर २०१९ मध्ये ते प्रथमच तेथवर पोचले. अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे या पाण्याने बाधित झाली. डोंगरउतारावर राहिलेल्या पाड्यांना दवाखाना किंवा बाजार गाठायचा, तर पुष्कळदा बोट हाच रस्ता असतो. वाटेत जीप बंद पडली तर माणूस उतरून चालू लागेल. पाण्याच्या मध्यावर इंजिन बंद पडले तर?

अशा बोटींना सहसा डिझेल इंजिन बसवतात. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. सिलिंडरमधील हवा दट्ट्याने सुमारे सोळा ते वीस पट दाबली की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. पेट्रोल इंजिनाची गोष्ट निराळी. तेथे प्रत्येक स्फोटासाठी विजेची ठिणगी पाडावी लागते, आणि तीही अगदी नेमक्या क्षणी.

मी पाहिलेल्या एका जुन्या बोटीच्या पोटात जीपचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन बसवलेले होते. वर लाकडी पेटीचे झाकण. या इंजिनाची तऱ्हा अशी, की सकाळी ते झटक्यात चालू होई, तासाभराने अडखळू लागे आणि मग बंद पडे. अर्धा तास थांबले की पुन्हा चालू! प्लग बदलून झाले, पेट्रोलची नळी फुंकून झाली, कार्ब्युरेटर उघडून झाला. गुण काही येईना. मला तर अशा दुखण्यात पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातले एक अख्खे प्रकरण दिसते.

बॅटरी १२ व्होल्टची. प्लगच्या दोन टोकांमध्ये पाऊण मिलिमीटरची फट. साध्या हवेत एक मिलिमीटर फट ओलांडायला विजेला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात, आणि सिलिंडरमध्ये तर वायू दाबलेला असतो. त्यामुळे तेथे आठ-दहा हजार व्होल्टची तयारी ठेवावी लागते. बारातून दहा हजार कसे काढायचे?

उत्तर मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये देऊन ठेवले आहे. वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की त्यात विद्युत्दाब निर्माण होतो, आणि बदल जितका जलद तितका दाब मोठा. इंजिनाच्या कॉइलमध्ये एकाच लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे, थोड्या फेऱ्यांचे. दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, त्याच्या सुमारे शंभर पट फेऱ्यांचे. जाड वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह जातो. त्याच्या वाटेत ‘पॉइंट’ नावाची एक चिमुकली कळ असते. इंजिनाबरोबर फिरणारा चौकोनी कॅम ती उघडतो, मिटतो. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर ही कळ मिनिटाला ४,००० वेळा उघडते.

आता एक प्रश्न. प्लगमध्ये ठिणगी केव्हा पडते, कळ मिटताना की उघडताना? बहुतेक विद्यार्थी ‘मिटताना’ म्हणतात. दिवा लावण्याची आपल्याला सवय ना! पण कळ मिटल्यावर प्रवाह हळूहळू वाढतो, कारण वेटोळे त्याला विरोध करते. उघडताना मात्र तो एकदम तुटतो, क्षेत्र कोसळते, आणि बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्ट उभे राहतात. ठिणगी पडते ती तोडण्याने.

पण ‘एकदम’ तोडणे सोपे नाही. प्रवाहालाही थांबायला नको असते. डोंगर उतरत धावणारा माणूस जसा जागच्या जागी थांबू शकत नाही, तसा प्रवाह कळ उघडू लागताच त्या बारीक फटीतून उडी मारतो आणि रेंगाळत रेंगाळत बंद होतो. मग क्षेत्रही रेंगाळत कोसळते आणि दाब पुरेसा चढत नाही. यावर तोड म्हणजे धारित्र, ज्याला आपले मेकॅनिक ‘कंडेन्सर’ म्हणतात. प्रवर्तन-वेटोळ्याच्या कळीला ते जोडण्याची युक्ती फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५३ मध्ये सुचवली. तेव्हा मोटारी जन्मालाही आल्या नव्हत्या! कळ उघडली की प्रवाह फटीत उडी न मारता धारित्रात शिरतो. तेवढ्या अवधीत फट पुरेशी रुंद होते.

त्या बोटीत रोग येथेच होता. इंजिन अडखळू लागल्यावर डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून पाहिले, तेव्हा पॉइंटमध्ये निळसर-पांढऱ्या ठिणग्यांचा लखलखाट चालला होता आणि प्लगकडे जाणाऱ्या तारेतून मात्र मरतुकडी पिवळी ठिणगी येत होती. म्हणजे ठिणगी होती, पण चुकीच्या जागी! अंगठ्याएवढे धारित्र बदलले आणि इंजिन दिवसभर चालले. थंड असताना ते नीट का चाले? धारित्रात धातूचे पातळ पापुद्रे गुंडाळलेले असतात. तापल्यावर प्रसरण होऊन त्यांचा एक जोड आत सुटत असे आणि निवल्यावर पुन्हा टेकत असे. जीपला रस्त्यावर वारा लागतो. बोटीत नदीचे पाणी इंजिनाचा ठोकळा थंड ठेवते. बंद पेटीतली कॉइल आणि धारित्र मात्र भाजत राहतात.

झाकण काढण्याआधी काय केले, तेही सांगायला हवे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. जीपमध्ये गळलेले पेट्रोल रस्त्यावर पडून उडून जाते. बोटीचा तळ म्हणजे बंद भांडे. वाफ तेथे साचून राहते, आणि एक ठिणगी तिला पुरते. म्हणून पेटीचे झाकण आधी पूर्ण उघडून, वारा खेळू देऊन, तळाशी वास घेऊनच पुढे जायचे. पेट्रोलचा वास आला तर ठिणगीची परीक्षा करायचीच नाही. गळती आधी शोधायची. खास बोटींसाठी बनवलेल्या डिस्ट्रिब्यूटरच्या हवेच्या छिद्रांना बारीक जाळी असते, खाणीतल्या डेव्हीच्या दिव्याला असते तशी. जीपच्या डिस्ट्रिब्यूटरला ती नसते, आणि जीपचे इंजिन बोटीत घालण्याला माझा खरा आक्षेप हाच आहे.

तारा तपासताना बोटवाले दादा म्हणाले होते, “सर, बल्ब पेटतोय, म्हणजे करंट बरोबर येतोय.” हा तर्क फार जणांचा असतो. जरा हिशेब करू. कॉइलच्या जाड वेटोळ्याचा रोध ३ ओहम धरा. प्रवाह १२ भागिले ३, म्हणजे ४ अँपिअर. दमट हवेने एखाद्या जोडावर हिरवट थर चढला आणि त्याचा रोध १ ओहम झाला, तर प्रवाह ३ अँपिअर होईल. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सोळाचे नऊ झाले, म्हणजे जवळजवळ निम्मी ऊर्जा गेली! तपासणीच्या ३ वॉटच्या बल्बचा रोध असतो ४८ ओहम. त्याला एका ओहमची दादही नसते; तो मजेत पेटतो. म्हणून जोड आधी पॉलिश कागदाने घासून घट्ट करावेत आणि मगच नव्या भागांवर पैसे घालवावेत.

मुळात ही ऊर्जा असते तरी किती? चांगल्या स्थितीत प्रत्येक ठिणगीमागे सुमारे ०.०६ ज्यूल, म्हणजे कोंबडीचे एक अंडे अर्धी वीत वर उचलायला लागेल तेवढी. त्यातली निम्मी गेल्यावर काय उरणार? बॅटरी मरगळली असतानाही हेच होते. स्टार्टर फिरताना तिचा दाब ९ व्होल्टपर्यंत उतरला की कॉइलला पुन्हा ३ अँपिअरच मिळतात. इंजिन फिरते, पण पेटत नाही. जुने ड्रायव्हर हँडल मारून गाडी चालू करीत. त्यात बॅटरी कॉइलसाठी मोकळी राहते.

प्लग बाहेर काढून ठिणगी पाहणे हीही अर्धीच परीक्षा होय. बाहेरच्या हवेत पाऊण मिलिमीटर ओलांडायला दोन-अडीच हजार व्होल्ट पुरतात, आत त्याच्या कितीतरी पट लागतात. तार इंजिनाच्या धातूपासून ५-६ मिलिमीटर दूर धरली असता ठिणगी निळी आणि कडकडीत पडली, तरच ती खरी. तार धरायची ती कोरड्या, रबरी मुठीच्या पकडीने, आणि हे काम मेकॅनिकचे आहे, तुमचे नव्हे. पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात आतून दव धरते, आणि त्या ओल्या वाटेने वीज प्लगला न जाता धातूत पळते. कोरडे फडके फिरवले तरी पुष्कळदा काम भागते.

तुम्हाला करण्याजोगा प्रयोग वेगळा आहे. २३० ते ६ व्होल्टचा एक लहान ट्रान्सफॉर्मर घ्या. तो घरातल्या विजेला मुळीच जोडायचा नाही. त्याच्या २३० व्होल्टच्या बाजूला टेस्टरमधला निऑनचा दिवा, त्याच्या रोधासकट, जोडून उघडी टोके चिकटपट्टीने झाका. ६ व्होल्टच्या बाजूची एक तार दीड व्होल्टच्या टॉर्चच्या सेलला बांधा, आणि दुसरी, रबरी वेष्टणाला धरून, सेलच्या दुसऱ्या टोकाला नुसती टेकवा व उचला. अंधाऱ्या खोलीत पाहा. निऑन पेटायला सत्तर-ऐंशी व्होल्ट तरी लागतात, आणि तुमच्याकडे आहे दीड. तार टेकवताना तो लुकलुकतो की उचलताना, ते वहीत लिहा. मग तार झटकन उचलून आणि सेलवर घासत घासत उचलून पाहा, आणि दोन्ही वेळचा उजेड ताडून पाहा.