३१५ बोअरची रायफल आणि पिकांची राखण

जिंतूर तालुक्यांत येलदरी येथें पूर्णा नदीवर धरण झाल्यास आतां अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. अशा जलाशयांच्या कांठीं पाणी आणि झुडुपी रान जवळजवळ असतें, व तेथें रानडुकरें आणि रोही यांचा उपद्रव ही शेतकऱ्याची नित्याची चिंता असते. रात्रभर जागूनहि उभा हरभरा हातचा गेला म्हणजे रायफलीचा विचार मनांत येतो, आणि ३१५ बोअरचें नांव हटकून निघतें. या हत्याराचे गुणदोष काय आहेत, तें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें काडतूस मूळचें ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्कराचें. १८८८ सालीं तें मॅन्लिखर रायफलीसाठीं निघालें. युरोपांत तें मागें पडलें. हिंदुस्थानांत मात्र कायद्यानें त्यास जीवदान दिलें. लष्करी काडतुसें बंडखोरांच्या हातीं पडूं नयेत म्हणून ब्रिटिश सरकारनें ३०३ बोअर खासगी लोकांस वर्ज्य केला. तेव्हां बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीनें लष्करी ली रायफलीच्याच घडणीवर हें परकें काडतूस बसवून शिकारी रायफल काढली. पुढें बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यानें तीच घडण चालू ठेविली. काडतुसें आमच्या खडकीच्या कारखान्यांत होऊं लागलीं.

या जुन्या काडतुसांत सुधारणा झाली ती मुख्यतः दोन बाबतींत. आरंभींची काळी दारू जाऊन धूररहित दारू आली. दुसरें असें कीं, लष्करी गोळी पूर्ण कवचाची असल्यानें जनावराच्या आरपार जाई व तें जखमी होऊन पळे. त्याऐवजीं मऊ टोंकाची गोळी आली, जी अंगांत शिरतांच पसरते व जनावर लवकर पडतें. गोळीचें वजन मात्र २४४ ग्रेन, म्हणजे सुमारें १६ ग्रॅम, आणि वेग सेकंदास दोन हजार फुटांच्या आसपास. गोळी जड व मंद असल्यामुळें शंभर यार्डांवर नेम बसविलेली रायफल दोनशें यार्डांवर सुमारें सव्वा वीत खालीं मारते. नळीवर दुर्बीण बसविल्यानें लक्ष्य स्पष्ट दिसतें, पण गोळीची वाट सरळ होत नाहीं.

आणखी एक धोका ध्यानांत ठेविला पाहिजे. चुकलेली गोळी दीड मैलाहूनहि दूर जाऊं शकते. खडकाळ माळावर किंवा जलाशयाच्या पृष्ठभागावर ती तिरपी लागल्यास उसळून भलत्याच दिशेस जाते. म्हणून गोळीमागें मातीचा बांध किंवा उतार असावा. मचाणावरून खालीं काळ्या भुईंत गोळी जाईल अशी बैठक त्यांतल्या त्यांत सुरक्षित होय. आवाजाच्या रोखानें अंधारांत बार काढणें म्हणजे शेजाऱ्याच्या जिवाशीं खेळणें आहे.

आतां कायद्याविषयीं. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत पिकांच्या राखणीसाठीं ठासणीची बंदूक, आणि ती अपुरी पडते अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देण्याची तरतूद आहे. पेंचदार नळीच्या रायफलीस ही सवलत नाहीं. शिवाय, हत्याराचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. शिकारीचे परवाने १९९१ च्या दुरुस्तीनें बंद झाले. रानडुक्कर व रोही हे वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचींत आहेत. ते उभ्या पिकास घातक ठरल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनीं अधिकार दिलेला अधिकारी लेखी हुकूम देऊं शकतो. त्या हुकुमावांचून मारणें हा गुन्हा होय.

म्हणून शेतकरी बंधूंस आमचें सांगणें एवढेंच कीं, रायफलीच्या किमतीची चौकशी करण्यापूर्वीं नुकसानीचा पंचनामा करून वनखात्याकडे अर्ज करावा. पिकाच्या नुकसानीची भरपाई देण्याची व्यवस्था महाराष्ट्रांत आहे, आणि हुकूम मिळण्याची वाटहि त्याच कचेरींतून जाते. हुकूम मिळाल्यावर हत्यार परवानाधारक व सरावलेल्या हातींच असावें.