300 एसएलआर आणि स्विफ्ट: पळण्यापेक्षा थांबण्याची गोष्ट

"जुन्या रेसिंग कार म्हणजे खऱ्या गाड्या, आत्ताच्या नुसते पत्र्याचे डबे" हे वाक्य प्रत्येक ग्रुपमध्ये कोणीतरी टाकतंच. तर आज दोन गाड्या शेजारी उभ्या करूया. एक 1955 ची मर्सिडीज-बेंझ 300 एसएलआर, दुसरी आपली मारुती स्विफ्ट.

पहिली गंमत, दोन्हींचं वजन साधारण सारखंच, 900 किलोच्या आसपास. पण मर्सिडीजचं तीन लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन सुमारे 300 हॉर्सपॉवर देतं आणि नव्या स्विफ्टचं तीन सिलिंडरचं इंजिन साधारण 80. शिवाय मर्सिडीजमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारलं जायचं. 1955 साली! आजही कितीतरी साध्या हॅचबॅकमध्ये ते होत नाही.

त्या वर्षी स्टर्लिंग मॉसने याच गाडीने इटलीतली मिल्ले मिल्या शर्यत मारली. ब्रेशियाहून रोम आणि परत, सुमारे 1,600 किलोमीटर, तेही गावागावांतून जाणाऱ्या रस्त्यांवरून. वेळ 10 तास 7 मिनिटं 48 सेकंद. म्हणजे सरासरी ताशी 157 किलोमीटर. स्विफ्टचं ॲक्सिलरेटर तळाला टेकवलं तरी ती याच्या फार पुढे जात नाही, आणि ही तर मॉसची सरासरी! शेजारी पत्रकार डेनिस जेन्किन्सन कागदाची लांब गुंडाळी सरकवत, हाताच्या खुणांनी पुढचं वळण सांगत होता.

आता ब्रेक. मर्सिडीजला चारही चाकांसाठी ड्रम ब्रेक होते. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो, घर्षणही कमी होतं. पाय दाबलेला असतो, गाडी मात्र पळतच असते. म्हणून ल माँच्या शर्यतीत मर्सिडीजने ड्रायव्हरच्या मागे हवेत उभी राहणारी मोठी फळी बसवली, वाऱ्याच्या विरोधाने वेग कमी करायला. जॅग्वारकडे तेव्हाच डिस्क ब्रेक होते. डिस्क उघडी असते, लवकर थंड होते. तुमच्या हॅचबॅकला पुढे तीच आहे.

11 जून 1955 ला तिथेच एक जॅग्वार पिटकडे जाताना जोरात थांबायला लागली, तिच्या मागची ऑस्टिन-हीली बाजूला वळली आणि पिएर लेव्हेची 300 एसएलआर तिच्यावर चढून प्रेक्षकांत गेली. 80 हून जास्त माणसं मेली. लेव्हे गाडीबाहेर फेकला गेला, तोही वाचला नाही. सीट बेल्ट नव्हताच. आगीत अडकण्यापेक्षा बाहेर फेकलं गेलेलं बरं, असं तेव्हाचे बरेच ड्रायव्हर मानायचे.

आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर मॉसच्या गाडीत सगळं एरर हँडलिंग मॉसच्या पायात होतं. स्विफ्टमध्ये एबीएस प्रत्येक चाकाचा वेग मोजत असतं. चाक लॉक व्हायला लागलं की सेकंदात कित्येकदा ब्रेकचा दाब सोडतं, परत लावतं, म्हणून घाबरून पेडल पूर्ण दाबलं तरी स्टिअरिंग चालतं. भारतात 2019 पासून प्रत्येक नव्या कारला ते सक्तीचं आहे. मात्र एबीएस पकड तयार करत नाही, असलेली पकड वापरतं. टायर गुळगुळीत झाले असतील तर तेही काही करू शकत नाही.

ओल्या रस्त्यावर थांबायची शर्यत लावली, तर माझे पैसे स्विफ्टवर. फक्त बेल्टचा बीप बंद करायला बकलमध्ये जी क्लिप खोचलीय ना, ती आधी काढा. तिच्यामुळे तुम्ही लेव्हेच्या सीटवर बसता.