बांधाचा कोपरा आणि कोनांची बेरीज

बांधावरून भावाभावांत वितुष्ट येते, हे खेड्यात वाढलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. पण त्या वितुष्टाच्या मुळाशी पुष्कळदा एक साधा कोन असतो, याचा विचार मात्र फारसे कुणी करीत नाही. ‘तू कला शाखेचा, तुला भूमितीशी काय कर्तव्य?’ असे काही मित्र विचारतील. त्यांना माझे उत्तर एवढेच, की आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मोजणीचा नकाशा घरी आला, की वडील आणि चुलते दोघेही माझ्या तोंडाकडे पाहतात. तिथे ‘माझा विषय मराठी आहे’ असे सांगून सुटका होत नाही!

आमचे बेलापूर प्रवरेच्या काठचे. भंडारदरा धरणाचे पाणी कालव्यांनी या भागात आले आणि उसाचे मळे उभे राहिले. पण चारी जाते ती पाण्याच्या उताराने, शेताच्या चौकोनाप्रमाणे नव्हे. चारी तिरपी गेली, की शेताचा कोपरा काटकोनात राहत नाही. असा कोपरा जवळ फक्त टेप असताना कसा मोजावा?

त्याचे उत्तर शाळेच्या कंपासपेटीत आहे. तिच्यातल्या दोन गुण्यांवर ३०, ४५, ६० आणि ९० एवढेच अंश असतात. तरीही ४५ ला ३० चिकटवून ७५ अंशांचा कोन काढता येतो, ६० ला ४५ जोडून १०५ अंशांचा. कोनमापक १८० अंशांवर संपतो. पण २५० अंशांचा कोन हवा असेल, तर १८० मध्ये ७० मिळवावेत. मोठ्या कोनाचे माप म्हणजे त्याच्या भागांच्या मापांची बेरीज, हे ते तत्त्व होय.

मात्र त्याला अटी आहेत. दोन्ही कोनांचा शिरोबिंदू एकच हवा, मधली भुजा सामाईक हवी आणि एक कोन दुसऱ्यावर चढता कामा नये. ७० आणि ५० अंशांचे कोन २० अंशांनी एकमेकांवर चढले, तर एकूण कोन १२० नव्हे, १०० अंशांचा होतो. वाटणीत एकच गुंठा दोघांच्या नावे मांडला तर जे होईल, तेच येथे होते.

आता शेतात येऊ. समजा, अबकड हे चार कोपऱ्यांचे शेत आहे. अब आणि बक या बाजू प्रत्येकी २०० फूट, कड आणि डअ प्रत्येकी सुमारे १४१ फूट. अ पासून क पर्यंत टेप धरला, तर कर्ण २०० फूट भरला. या कर्णाने शेताचे दोन त्रिकोण झाले. पहिल्याच्या तिन्ही बाजू सारख्या, म्हणून अ पाशी त्याचा कोन ६० अंश. दुसरा समद्विभुज काटकोन त्रिकोण, म्हणून त्याचा कोन ४५ अंश. तेव्हा अ चा कोपरा १०५ अंशांचा. क चाही तेवढाच. ब ६० आणि ड ९०. चारही मिळून ३६० अंश, म्हणजे हिशेब जुळला. एका अंशाची चूक लहान वाटते. पण २०० फुटांच्या बांधाच्या दुसऱ्या टोकाला ती साडेतीन फूट होते!

येथे एक फसगत संभवते. ६० अंशांसमोर बक ही २०० फुटांची बाजू आहे, ४५ अंशांसमोर कड ही १४१ फुटांची. मग १०५ अंशांसमोरचा बड हा कर्ण ३४१ फूट असेल काय? नाही. तो सुमारे २७३ फूटच भरतो. कोनांची बेरीज होते; त्यांच्यासमोरच्या लांब्यांची तशी होत नाही.

हा भेद भास्कराचार्यांनी आठशे पंचाहत्तर वर्षांपूर्वी सूत्रात बांधला. त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. ‘सिद्धान्तशिरोमणि’ ११५० मधला. कोनाची एक भुजा आडवी ठेवली, तर दुसऱ्या भुजेच्या टोकाची उंची म्हणजे ज्या, आणि शिरोबिंदूपासून त्या उंचीच्या पायथ्यापर्यंतचे अंतर म्हणजे कोटिज्या. त्रिज्या १०० धरली, तर ३० अंशांची ज्या ५० आणि ४५ अंशांची ७०.७ येते. नुसती बेरीज केली तर १२०.७, पण ज्या त्रिज्येहून मोठी असूच शकत नाही! भास्कराचार्य सांगतात, की प्रत्येक कोनाची ज्या दुसऱ्याच्या कोटिज्येने गुणावी, त्रिज्येने भागावे आणि मग बेरीज करावी. तसे केल्यास ३५.४ आणि ६१.२ मिळून ९६.६ येतात, आणि हीच ७५ अंशांची ज्या. या रीतीला ‘ज्याभावना’ म्हणतात. गणितातही भावना असते, हे आम्हां कला शाखेच्या मंडळींना सुखावणारेच आहे!

त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. बेलापूर स्थानकातून मनमाडमार्गे गेले, तर हे गाव फार दूर नाही.

आज सरकारी मोजणी रोव्हर यंत्राने होते. तरी हाती आलेला नकाशा कुणालाही पडताळता येतो. चार बाजू आणि एक कर्ण घेऊन कागदावर प्रमाणात आकृती काढावी आणि दुसरा कर्ण तिच्यावर मोजावा. मग शेतात जाऊन त्याच दोन कोपऱ्यांत टेप धरावा. वरच्या शेतात तो २७३ फुटांच्या आसपास भरला, तर आकृती बरोबर. टेपचे एक टोक एका भावाने धरावे आणि दुसरे दुसऱ्याने, म्हणजे आकडा दोघांच्याही डोळ्यांदेखत निघतो.